पॅन-बाष्पीभवनाचं मॉडेल: टेस्टला छान, पुढच्या वर्षाला घसरतं. पॅरामीटर शोधणारा पीएसओ बदलू का?

प्रश्न
क्लास ए पॅनच्या (बाष्पीभवन मोजायचं प्रमाणित उघडं भांडं) आठ वर्षांच्या दैनिक नोंदी आहेत. इनपुट: कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वारा, सूर्यप्रकाशाचे तास. मॉडेल एसव्हीआर (सपोर्ट व्हेक्टर रिग्रेशन); त्याचे पॅरामीटर सी, गॅमा, एप्सिलॉन पीएसओने (कणांच्या थव्याने उत्तर शोधणारा अल्गोरिदम) शोधतो. डेटा शफल करून (दिवस उलटसुलट मिसळून) ८०:२० ट्रेनिंग-टेस्ट. टेस्टवर आरएमएसई (चुकीचं माप, कमी तितकं चांगलं) ०.७ मिमी, पण नवव्या वर्षावर १.८. पीएसओऐवजी जीए (जेनेटिक अल्गोरिदम) किंवा ग्रे वुल्फ (असाच आणखी एक शोध-अल्गोरिदम) घेऊ का?

उत्तर १
नको. तीनच पॅरामीटर आहेत. कुठलाही अल्गोरिदम जवळपास तिथेच पोचेल. घोळ शफलमध्ये आहे. कालचं आणि आजचं हवामान जवळजवळ सारखंच, त्यामुळे टेस्टमधल्या दिवसाचे शेजारी ट्रेनिंगमध्ये बसलेले असतात आणि ०.७ हा आकडा खऱ्या चुकीपेक्षा कमी निघतो.

अख्खी वर्षं वेगळी काढा. सात वर्षांत आळीपाळीने एकेक वर्ष बाहेर ठेवून जी सरासरी चूक येते ती फिटनेस, म्हणजे पीएसओने कमी करायचा आकडा. आठवं वर्ष शेवटपर्यंत कुलपात. स्केलिंगचे (सगळे इनपुट एका पट्टीत आणायचे) किमान-कमाल आकडेही दर वेळी फक्त ट्रेनिंगमधून घ्या.

शोध लॉग स्केलवर करा: सी ०.१ ते १०००, गॅमा ०.०००१ ते १०. वीस कण, चाळीस फेऱ्या, इनर्शिया (कणाच्या आधीच्या वेगाचा टिकणारा भाग) ०.७२९, कणाला स्वतःच्या आणि थव्याच्या सर्वोत्तम जागेकडे ओढणारे दोन्ही गुणक १.४९४ पुरतात. उत्तर सीमेला चिकटलं तर सीमा वाढवा. वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक सुरुवातीने) दहादा चालवा. पॅरामीटर भलतीकडे गेले तरी चूक तेवढीच राहत असेल तर तिथे सपाट पठार आहे, आणखी फेऱ्या वाया.

उत्तर २
पावसाचे दिवस तपासलेत? त्या दिवशी बाष्पीभवन = पाऊस + पातळीतली घट. ६० मिमी पावसात पर्जन्यमापक आणि पॅन यांच्यात ५ टक्के फरक पडला की ३ मिमी चूक, म्हणजे बहुधा त्या दिवसाच्या बाष्पीभवनाइतकीच किंवा जास्त. वर थेंब उडून बाहेर जातात ते वेगळंच. ऋण आकडे शून्य करू नका, तो दिवसच गाळा.

आर्द्रता थेट देण्यापेक्षा बाष्पदाबाची तूट (संपृक्त दाब वजा हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब) द्या. संपृक्त दाब = ०.६१०८ × ई^(१७.२७ट/(ट+२३७.३)), किलोपास्कलमध्ये; ट म्हणजे सेल्सिअसमधलं तापमान, ई म्हणजे २.७१८. कमाल आणि किमान तापमानाला वेगवेगळा काढून सरासरी घ्यायची. सरासरी तापमानावर काढलात तर कमी येतो. वारा १० मीटरवरचा असेल तर ०.७४८ ने गुणून २ मीटरवर आणा.

प्रश्नकर्ता
वर्षवार विभागणीने १.६ आला. निदान खरा तरी! पॅनची नोंद सकाळी ८ ची, तापमान मध्यरात्र ते मध्यरात्र. याने फरक पडेल?

उत्तर १
पडेल. सकाळी ८ चा आकडा मागच्या २४ तासांचा, म्हणजे बहुतांशी कालच्या उन्हाचा. तासागणिक डेटा असेल तर ८ ते ८ सरासरी काढा. नसेल तर पॅनची मालिका एक दिवस मागे सरकवून सूर्यप्रकाशाशी सहसंबंध बघा. वाढला तर तारखाच चुकीच्या जुळल्या होत्या. मग साध्या रेषीय रिग्रेशनशी तुलना करा. एसव्हीआर त्याच्यापुढे फारसं जात नसेल तर पीएसओचा खटाटोप सोडून द्या.