संध्याकाळचं जेवण लवकर पानात यावं म्हणून फ्रीझरमध्ये काय काय टिकतं? (खानापूर-बेळगाव)

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापुरात राहते आणि नोकरी बेळगावात, टिळकवाडीला. सकाळी आठची बस. संध्याकाळी घरात पाऊल टाकते तेव्हा सव्वासात झालेले असतात. मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. ह्यांची उद्यमबागेत पाळी असते, दुपारची पाळी असली की रात्री उशिरा येऊन जेवतात. सासूबाई बहात्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात, पण भाकरी अजून त्याच थापतात.

माझी अडचण सव्वासात ते साडेआठ या वेळेची आहे. तेवढा सगळा वेळ चिरणं, वाटणं आणि कुकर यात जातो. लेक कानडीचं पुस्तक घेऊन ओट्याजवळ उभी राहते. घरात कानडी नीट वाचता येतं ते मलाच, माझं शिक्षण गोकाकला झालं. ओत्तक्षरं, म्हणजे कानडीतली जोडाक्षरं, आली की ती अडखळते आणि माझे हात त्या वेळी कांद्यात असतात. "आई, नंतर सांग" म्हणून पुस्तक मिटते. ते पुस्तक मिटलेलं मला बघवत नाही.

म्हणून जुलैत एका रविवारी आठवड्याचं सगळं करून ठेवलं. गेल्या दिवाळीत दोन दारांचा फ्रीज घेतलाय, फ्रीझर साठेक लिटरचा आहे. बटाट्याचा रस्सा, वरण, पालकाची भाजी, मसुराची उसळ, भात, चपात्या. पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत उभी होते. सोमवारी रस्सा काढला तर बटाटा स्पंजासारखा झालेला, दाताखाली नुसतं पाणी सुटत होतं. मुलाने पहिलाच घास थुंकला. वरण लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरलं होतं, ती तडकली. बुधवारी रात्री पावसात करंट गेला तो गुरुवारी संध्याकाळी आला. आत काय चांगलं, काय बिघडलं ते कळेना, म्हणून सगळं टाकलं. वडगावच्या शिवारातला मसूर, बहिणीने पिशवी भरून दिला होता. ती उसळ टाकताना जीव तुटला.

सासूबाई रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "शिळं घालून पोरं वाढवायची नसतात गं." मला ते लागलं, कारण मी हे त्या पोरांसाठीच करत होते.

कुणी नोकरी करून हे जमवलंय का? काय ठेवायचं, काय नाही, करंट गेल्यावर कसं ओळखायचं? आणि घरातल्या मोठ्या माणसांना हे कसं पटवलंत?

निपाणीकर अक्का

ताई, तुमचं मन लावून वाचलं. मी सहा वर्षं हे करतोय, शाळेत नोकरी, घरात पाच माणसं. आधी एक सांगतो, तुम्ही जेवण गोठवलंत. जेवण गोठवायचं नाही, जेवणाची तयारी गोठवायची. एवढा एक फरक केलात की निम्मे प्रश्न जातील, सासूबाईंचाही.

माझ्या फ्रीझरमध्ये सगळ्यात जास्त जागा वाटणाला असते. दोन किलो कांदे उभे चिरून तेलावर चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे. याला पाऊण तास लागतो, घाई केलीत तर वाटण गोडसर आणि कच्चं लागतं. सुकं खोबरं, तीळ, थोडी खसखस वेगळी भाजायची. आलं, लसूण, कोथिंबीर. पाणी अगदी कमी घालून वाटायचं, पाणी जितकं जास्त तितका बर्फ जास्त. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचं आणि दुसऱ्या दिवशी वड्या काढून पिशवीत टाकायच्या. एक वडी म्हणजे साधारण दोन चमचे. चार माणसांच्या आमटीला तीन वड्या, मटणाला सहा. कांदा-लसूण मसाला ज्या त्या दिवशी घालायचा.

कडधान्यं दुसरी. मसूर, मटकी, चवळी, छोले, सगळं भिजवून नव्वद टक्के शिजवायचं, दाबलं तर मोडावं पण पीठ होऊ नये. गार करून, पाण्यासकट, पिशवीत आडवं ठेवून चपटं गोठवायचं, वहीसारखं. चपटं लवकर गोठतं, लवकर सुटतं आणि उभं रचता येतं. संध्याकाळी ती पाटी तशीच कढईत टाकायची, दोन वड्या वाटण, मीठ, गूळ, आमसूल. वीस मिनिटांत उसळ.

फोडणी कधीही आधी करून ठेवू नका. लसूण ठेचून तेलात तडतडला, कढीपत्ता पडला आणि घरभर वास सुटला की ते जेवण आजचं असतं. माझ्या सासऱ्यांना सहा वर्षांत कधी शिळं वाटलं नाही, कारण त्यांनी रोज फोडणी ऐकली.

बटाटा नको. त्याच्या आतलं पाणी गोठून पेशी फाटतात, म्हणून तो स्पंज होतो. तो त्याच दिवशी बारीक चिरून घाला, दहा मिनिटांत शिजतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. ताक-दह्याचं काही फाटतं, म्हणून कढी नको. काकडी, कच्चा टोमॅटो नको, पण टोमॅटो शिजवून आटवून ठेवला तर झकास राहतो. भरली वांगी गोठवू नका, वांग्याचं भरण गोठवा. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, मसाला, चिंच, गूळ एकत्र करून ठेवलं की संध्याकाळी वांग्याला चिरा देऊन भरायचं तेवढं राहतं. मेथी-पालक निवडून, चिरून, कढईत नुसतं मऊ होईपर्यंत परतून मुठीएवढे गोळे ठेवते.

चपात्या अर्ध्या भाजायच्या, दोन्हीकडे फक्त रंग बदलेपर्यंत. गार झाल्या की मध्ये बटर पेपर घालून ठेवायच्या आणि थेट गरम तव्यावर टाकायच्या. भाकरी मात्र ताजीच.

भात साठवू नका. शिजवून तासन् तास बाहेर राहिलेल्या भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. भाताला पंधरा मिनिटं लागतात, त्यासाठी ही जोखीम कशाला.

बरणी तडकली ते पाण्यामुळे. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. कुठल्याही डब्यात वर दोन बोटं जागा सोडा. आणि चिकटपट्टीवर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहा. गोठलेलं वाटण आणि गोठलेलं भरण दिसायला सारखंच असतं.

थंडगार_शहापूर

नमस्कार वहिनी. माझं शहापूरला फ्रीज दुरुस्तीचं काम आहे, बावीस वर्षं झाली. अक्कांनी स्वयंपाकाचं सांगितलं, मी यंत्राचं सांगतो.

फ्रीझर उणे अठरा अंशांना चालला पाहिजे, खालचा भाग चार अंशांच्या आसपास. फ्रीझरचा थर्मामीटर बाजारात मिळतो. तो डब्यांच्या मध्ये रात्रभर ठेवून सकाळी बघा. फ्रीजच्या दारावरचे तारे विजेच्या बचतीचे असतात, आत किती थंड होतं त्याचे नव्हेत. पुष्कळ गिऱ्हाइकं इथे फसतात. ज्यांचा एकाच दाराचा फ्रीज आहे त्यांनी वरच्या बर्फाच्या कप्प्यावर महिनाभराचा भरवसा ठेवू नये, तो तेवढा थंड होत नाही. त्यात आठवड्याचं ठेवा.

गरम पातेलं आत सरकवू नका, शेजारचं गोठलेलंही मऊ पडतं. पण गार व्हायला म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावरही ठेवू नका. शिजवलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. परातीत गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवून ढवळा, पाणी एकदा बदला. अर्ध्या तासात काम होतं. आणि सगळं एकाच दिवशी कोंबू नका. तुम्ही रविवारी एकदम पंधरा-वीस किलो भरलं असणार. मशीन ते रात्रभर ओढत बसतं, मधलं मध्यरात्रीपर्यंत कोमटच राहतं.

आता करंटचं. खानापूरच्या पावसात हे होणारच. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला चांगला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवसापर्यंत. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वर जागा सोडून. खालचा फ्रीज मात्र चार तासच धरा. दूध, शिजवलेलं, कापलेलं यांची त्यापुढे खात्री नाही.

ओळखायची खूण अशी. एका वाटीत पाणी गोठवा, वर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू दे. करंट आल्यावर नाणं वरच असेल तर माल गोठलेला राहिला. नाणं तळाला गेलं असेल तर आत सगळं वितळून परत गोठलंय, मग मोह करू नका. मधे कुठे अडकलं असेल तर एकेक पिशवी हातात घेऊन बघा. बर्फाचे खडे लागत असतील तर त्याच दिवशी खळखळून उकळा आणि खा.

वहिनी, तुमचा फ्रीझर त्या दिवशी भरलेला होता आणि करंट बुधवार रात्र ते गुरुवार संध्याकाळ गेला होता. दार सारखं उघडलं नसेल तर ती उसळ बहुतेक गोठलेलीच असणार. पुढच्या वेळी वाटी ठेवा.

येळ्ळूरची काकू

पोरी, तुझ्या सासूच्या बाजूनं दोन शब्द लिहिते. तिला शिळं नको, कारण तिच्या काळात फ्रीज नव्हता आणि शिळं म्हणजे आंबलेलं. तिची भीती खरी होती. तिला समजावायला जाऊ नकोस, तिला कामात घे. खोबरं मंद आचेवर कसं भाजायचं, करपायच्या आधी कधी उतरायचं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? बसून करता येतं, गुडघ्याला त्रास नाही. जे आपल्या हातचं असतं ते शिळं वाटत नाही.

आणि आठवडाभर फ्रीझरमधलं नको. तीन दिवस ते, बाकी दिवस फ्रीजशिवाय टिकणारं घरात असू दे. कडक भाकरी महिनाभर राहते, शेंगांची चटणी, कारळ्याची चटणी, वर दही आणि कांदा. आमच्या शेतावर सुगीत हेच जेवण असतं. करंट गेला तरी त्याला काही होत नाही. पातळ काही हवंच असेल तर डाळीला लसणाची फोडणी दे, पुरे.

मलप्रभाकाठ

अक्का, काकू, भाऊ, तिघांचेही मनापासून आभार. कागदावर उतरवून फ्रीजवर चिकटवलंय. या रविवारी फक्त वाटण आणि मसूर एवढंच करते. झालं की कळवते.

मलप्रभाकाठ (सहा आठवड्यांनी)

कळवायला उशीर झाला. मधे गणपती आले, त्या दिवसांत सगळं ताजंच केलं.

पहिल्या रविवारी मी कांदे परतायला घेतले आणि सासूबाईंना म्हटलं, "खोबरं बघता का जरा, माझं करपतंय." त्या पाटावर बसल्या, शेगडी खाली घ्यायला लावली आणि खोबरं, तीळ, खसखस तिन्ही वेगवेगळं भाजलं. खोबऱ्याचा कीस बदामी झाला की लगेच ताटात ओतायचा, कढई गरम असते तोवर तो भाजतच राहतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. परवा रविवारी मी उठायच्या आत त्यांनी लसूण सोलून ठेवला होता. म्हणाल्या, "वाटण मी करतो की, तू मिक्सरला तेवढं लाव." आता वड्यांच्या पिशवीवर तारीख माझी लेक लिहिते, एका बाजूला मराठीत, एका बाजूला कानडीत.

आता माझं ठरलंय ते असं. सोमवारी मसूर, बुधवारी भरली वांगी, गुरुवारी छोले किंवा मेथीची डाळ. मंगळवारी नुसती भाजी-भाकरी, शुक्रवारी कडक भाकरी आणि चटण्या. रविवारचे अडीच तास जातात, नऊ नाही. थर्मामीटर लावला तर पहिल्या दिवशी उणे बाराच दिसला. बटण मधल्या आकड्यावर होतं, दोन घरं वाढवल्यावर उणे अठराला आला.

ह्यांचं रात्रीचं जेवणही सुटलं. त्यांच्या वाटणीची उसळ काढून ठेवत नाही. चपटी पाटी फ्रीझरमधून सकाळीच खाली फ्रीजमध्ये ठेवते, ते आल्यावर स्वतः उकळून फोडणी देतात. आधी रात्री साडेबाराला गार जेवायचे.

गेल्या मंगळवारी रात्री नऊला करंट गेला, पहाटे पाचला आला. सकाळी दार उघडून आधी वाटी बघितली. नाणं वर होतं. सासूबाईंनीही वाकून बघितलं.

सव्वासातला आल्यावर मी हातपाय धुते, पाटी कढईत टाकते, झाकण ठेवते आणि वीस मिनिटं लेकीजवळ बसते. फोडणीला उठते तोवर एक पान होतं. ओत्तक्षरं अजून अडतात, पण पुस्तक मिटत नाही.

एक शंका. थंडीत मटार स्वस्त झाले की पाच किलो सोलून ठेवायचे आहेत. अक्का, नुसते ठेवले तर पिवळे पडतात असं शेजारीण म्हणते. काय करता तुम्ही?

निपाणीकर अक्का

वाचून डोळे भरले, ताई. सासूबाईंना नमस्कार सांगा.

मटार उकळत्या पाण्यात दीड ते दोन मिनिटं, त्याहून जास्त नाही. लगेच बर्फाच्या पाण्यात. एवढ्यानं रंग आणि चव बिघडवणारी आतली क्रिया थांबते. मग सुती फडक्यावर पसरून अगदी कोरडे करा, ताटात एकेरी थर देऊन गोठवा आणि कडक झाले की पिशवीत भरा. ओले एकत्र भरलेत तर एकच ढेकूळ होईल. पाच किलो शेंगांचे दाणे निम्म्याहून कमीच भरतात, तेवढीच जागा धरा. एका वेळी किलोभराच्या वर उकळायला घेऊ नका, पाणी गार पडतं आणि वेळ चुकते.