मदत हवी आहे: जुन्या फ्लॉपीच्या फाइल फॉरमॅटचं डॉक्युमेंटेशन कुठे मिळेल? (तातडीचं)

घाईगर्दी:
एका जुन्या फ्लॉपीची इमेज (बाइट-न्-बाइट नक्कल) आहे, त्यातल्या फाइली काढायच्यात. लिनक्सवर माउंट होत नाही, विंडोज सरळ "फॉरमॅट करू का?" विचारतं. रिकव्हरीची सॉफ्टवेअरं सुचवू नका. मला फॉरमॅटची मूळ तांत्रिक माहिती हवी, प्रोग्राम मी लिहीन. दोन दिवस शोधतोय, सगळ्या लिंका मेलेल्या. लवकर सांगा, सासरे रोज सकाळी "झालं का?" विचारतात.

टिंबटिंब:
ऑपरेटिंग सिस्टीम कुठली? फ्लॉपी केवढी? इमेज कशाने काढली?

घाईगर्दी:
जुनी म्हटलं ना. मोठी फ्लॉपी. सासऱ्यांचा प्रबंध आहे तिच्यात. इमेज एका ओळखीच्याने काढून दिली, कशाने ते विचारलं नाही.

पायथनप्रेमी:
डॉसची एफएटी१२ फाइल पद्धत असणार, दुसरं काय. मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली आहे, बूट सेक्टर वाचून सगळं आपोआप ओळखते. देऊ का?

जुना ऑपरेटर:
आधी ड्राइव्हचं हेड साफ करा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाचा बोळा, फार घासायचं नाही. चकतीवरचा थर सुटत असेल तर एका फिरकीत हेड खराब होतं. आमच्याकडे असे तीन ड्राइव्ह गेले.

टिंबटिंब:
अहो, त्यांच्याकडे इमेज आहे. फ्लॉपी कुठे वाचायची आहे आता?

जुना ऑपरेटर:
पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

सात बिट:
इमेजची साइझ सांगा. केबीत नको, बाइटमध्ये.

घाईगर्दी:
२५६२५६ बाइट. आणि ऑपरेटिंग सिस्टीम सीपी/एम आहे हो, त्या काळात दुसरं काय असणार!

सात बिट:
हे पहिल्या ओळीत लिहिलं असतंत तर एव्हाना काम झालं असतं. ७७ ट्रॅक, दर ट्रॅकला २६ सेक्टर, दर सेक्टर १२८ बाइट. गुणून बघा, बरोबर २५६२५६. ही आठ इंची, एका बाजूची, सिंगल डेन्सिटी फ्लॉपी, आयबीएम ३७४० पद्धतीची. नशीबवान आहात. सव्वापाच इंचीत प्रत्येक मशीनवाल्याचा वेगळा संसार होता, आठ इंचीत निदान हा एक प्रकार सगळ्यांना वाचता यायचा.

आता डॉक्युमेंटेशन. "सीपी/एमचा डिस्क फॉरमॅट" असा एक कागद तुम्ही शोधताय, तो नाहीच. डिजिटल रिसर्चने सिस्टीम दिली, पण डिस्कशी बोलणारा बायॉस ज्याचा त्याने लिहायचा. त्यामुळे माहिती विखुरलेली. २.२ च्या मॅन्युअलमध्ये इंटरफेसच्या प्रकरणात फाइल कंट्रोल ब्लॉक बघा, आणि बायॉस बदलण्याच्या प्रकरणात डिस्क पॅरामीटर ब्लॉक. ब्लॉक केवढा, डिरेक्टरीत एंट्री किती, सुरुवातीचे ट्रॅक किती सोडायचे, ते सगळं या दुसऱ्यात. तुमच्या फ्लॉपीसाठी: ब्लॉक १०२४ बाइटचा, एंट्री ६४, सोडायचे ट्रॅक २.

पायथनप्रेमी:
एमएस-डॉसने सगळं सीपी/एमवरूनच घेतलं, मग एफएटी म्हणायला काय हरकत?

सात बिट:
फाइल कंट्रोल ब्लॉक घेतला, ८ अधिक ३ अक्षरांची नावं घेतली. एफएटी नाही घेतली. सीपी/एममध्ये वाटपाचा तक्ताच नसतो, फाइलीचे ब्लॉक नंबर डिरेक्टरीच्या एंट्रीतच लिहिलेले असतात.

निमूट वाचक:
बरं, १९८० मध्ये आयबीएमची माणसं भेटायला गेली तेव्हा सीपी/एम लिहिणारे गॅरी किल्डॉल विमान उडवायला गेले होते, हे खरं का?

टिंबटिंब:
त्याचा वेगळा धागा काढा. मागच्या वेळी यावरून चाळीस प्रतिसाद झाले होते.

घाईगर्दी:
मॅन्युअल वाचायला वेळ नाही. दोन ट्रॅक म्हणजे ६६५६ बाइट सोडले. तिथे हेक्समध्ये (सोळाच्या पायाचे आकडे) हे दिसतं:

०० ५४ ४८ ४५ ५३ ४९ ५३ ३१ २० ५४ ५८ ५४ ०० ०० ०० ८०
०२ ०३ ०४ ०५ ०६ ०७ ०८ ०९ ०ए ०बी ०सी ०डी ०ई ०एफ १० ११

अशा चार एंट्री नीट आहेत. मग ई५ ई५ ई५ ची रांग, मधूनच इंग्रजी मजकूर, मग परत फाइलींची नावं. इमेज बिघडली आहे का?

सात बिट:
इमेज उत्तम आहे. एंट्री ३२ बाइटची. पहिला ०० म्हणजे युजर नंबर. पुढची ८ अक्षरं नाव आणि ३ एक्स्टेन्शन: 'थीसिस१' आणि 'टीएक्सटी'. मग एक्स्टेंट (फाइलीचा १६ केबीपर्यंतचा तुकडा) नंबर ००. ओळीच्या शेवटचा हेक्स ८० म्हणजे १२८ रेकॉर्ड, दर रेकॉर्ड १२८ बाइट, म्हणजे एक्स्टेंट पुरता भरला, १६ केबी. दुसऱ्या ओळीत ते १६ ब्लॉक. सुरुवात ०२ पासून, कारण ० आणि १ डिरेक्टरीने खाल्ले. याच नावाची दुसरी एंट्री शोधा, तिच्यात एक्स्टेंट ०१ असेल.

घाईगर्दी:
आहे. शेवटचा बाइट २सी.

सात बिट:
४४ रेकॉर्ड. एकूण १७२, म्हणजे २२०१६ बाइट. नेमकी लांबी मिळणार नाही, सीपी/एम फक्त रेकॉर्ड मोजतं. मजकूर जिथे १ए (मजकूर संपल्याची खूण) येईल तिथे कापा.

मधूनच मजकूर येतो तो स्क्यूमुळे, म्हणजे सेक्टरांच्या उलटसुलट क्रमामुळे. इमेज चकतीवरच्या क्रमाने आहे, पण सीपी/एम सेक्टर १, ७, १३, १९, २५, मग ५, ११, १७, २३, ३ असे उड्या मारत वाचतं. एक सेक्टर वाचून सीपीयू सावरेपर्यंत शेजारचा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असायचा, आणि मग अख्खा फेरा थांबा. मिनिटाला ३६० फेरे, म्हणजे एका चुकीला सुमारे १६७ मिलिसेकंद.

टिंबटिंब:
हे सगळं हाताने कशाला? सीपी/एमच्या डिस्क वाचणारं सीपीएमटूल्स टाका, फॉरमॅटच्या जागी आयबीएम-३७४० द्या, स्क्यू ते स्वतः सांभाळतं. आणि त्याच्याबरोबर मॅन्युअलचं एक पान येतं, पाचव्या विभागातलं 'सीपीएम' नावाचं. तुम्ही दोन दिवस जे शोधताय ते तिथे आहे, बाइटनिशी.

घाईगर्दी:
सीपीएमटूल्स पहिल्याच दिवशी टाकलं होतं. पान उघडलं नव्हतं. असो. फाइल निघाली, पण प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर चमत्कारिक येतंय. आणि मजकुरातही ई५! डिरेक्टरी मजकुरात घुसली की काय?

सात बिट:
सासऱ्यांनी प्रबंध वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिला होता का?

घाईगर्दी:
हो, अर्थात.

सात बिट:
"अर्थात" म्हणे! वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो. इंग्रजी 'ई' हेक्समध्ये ६५, त्यात ८० मिळवा, झाला ई५. 'द' हा शब्द बघा, ७४ ६८ ई५ असाच असेल. डिरेक्टरीतला ई५ वेगळा, तो रिकामी किंवा पुसलेली एंट्री दाखवतो. प्रत्येक बाइटला ७एफने अँड करा, म्हणजे आठवा बिट उतरेल. टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी छपाईच्या सूचना, त्या काढा.

पायथनप्रेमी:
हे माझ्या स्क्रिप्टमध्ये एका ओळीत होतं.

घाईगर्दी:
झालं! दोन प्रकरणं स्वच्छ आली. तिसरं यादीत नाही.

टिंबटिंब:
डिरेक्टरीत ई५ नंतर लगेच ५४ ४८ ४५ ('थीसिस'ची पहिली तीन इंग्रजी अक्षरं) शोधा. पुसताना फक्त पहिला बाइट बदलतो, नाव आणि ब्लॉक नंबर तसेच राहतात. इमेजची प्रत करा आणि ई५ च्या जागी ०० लिहा.

घाईगर्दी:
सापडलं. पहिली पाच पानं तिसऱ्या प्रकरणाची आली, पुढे संदर्भसूची सुरू होते.

सात बिट:
म्हणजे उरलेले ब्लॉक नंतर संदर्भसूचीला दिले गेले. ते गेलं. त्यांच्याकडे दुसरी फ्लॉपी असेल तर बघा.

घाईगर्दी:
विचारलं. म्हणाले, फ्लॉपी नाही, पण बांधलेली छापील प्रत माळ्यावर आहे.

जुना ऑपरेटर:
स्कॅनरची काच आधी पुसून घ्या.