मदत हवी आहे: बेल्ट किंचाळतोय, नुसता बेल्ट बदलू की टेन्शनरही?

नमस्कार मंडळी,

गाडी २०१२ ची डिझेल सेडान, रनिंग ८७ हजार. राहायला सिंहगड रोडला, पार्किंग उघड्यावर. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी सेल्फ मारला की बॉनेटमधून असा काही आवाज येतो की समोरच्या विंगमधले आजोबा गॅलरीत येतात. मिनिटभरात थांबतो. एसी लावला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की परत सुरू.

काल टॉर्च मारून बघितलं. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप, सगळ्यांना मिळून एकच लांब बेल्ट आहे. (गॅरेजवाला त्याला फॅन बेल्ट म्हणतो. माझा फॅन मोटरवर चालतो, पण असो.) चिरा कुठे दिसत नाहीत, एका कडेचे धागे मात्र सुटलेत. पाठीवर '६पीके' वाचता येतं, पुढचे आकडे पुसलेत.

एक गॅरेजवाला म्हणतो नुसता बेल्ट टाका, दुसरा म्हणतो टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी मोकळी पुली) सगळा सेट बदला. शनिवारी साताऱ्याला जायचंय, खंबाटकी चढायचाय. कोणाचं ऐकू? आणि हे घरी जमेल का?

प्रतिसाद:
कडेचे धागे सुटलेत ना, मग नुसता बेल्ट टाकू नका. कुठली तरी पुली तिरकी झालीय, बहुतेक आयडलर किंवा टेन्शनरचं बेअरिंग गेलंय. नवा बेल्टही तसाच खाल्ला जाईल.

इंजिन चालू ठेवून बेल्टच्या शिरांच्या (पट्ट्यावरच्या लांब उंचवट्यांच्या) बाजूला लांबून थोडं पाणी फवारा (बाह्या सावरून!). आवाज क्षणभर गेला तर पुली रेषेत नाहीत. वाढला तर ताण कमी आहे.

चिरा नाहीत म्हणून बेल्ट चांगला, असं समजू नका. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, ते सहसा चिरत नाहीत, टायरसारखे झिजतात. मग बेल्ट पुलीच्या खाचेत खोल बसतो आणि घसरतो. ६ म्हणजे सहा शिरा, पीके हा शिरांचा प्रकार, पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. आकडा पुसलाय तर नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला जाताना जुना बेल्ट आणि चॅसिस नंबर दोन्ही न्या.

प्रतिसाद:
घरी जमतं, पण आधी बेल्ट कसा फिरलाय त्याचा फोटो काढा. पान्याने टेन्शनर मागे ओढला की बेल्ट सुटतो. बसवल्यावर प्रत्येक पुलीवर सगळ्या शिरा खाचेत आहेत ना, ते बोट फिरवून बघा. मी हौसेने बसवला तेव्हा अल्टरनेटरवर एक शीर बाहेर राहिली. जुन्या कात्रज घाटात बेल्ट निघाला, बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग दगड झालं. काही गाड्यांत वॉटर पंपही याच बेल्टवर असतो, तिथे इंजिनही तापतं. आणि आवाज घालवायला स्प्रे, साबण, पावडर काही लावू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पाणी मारलं, आवाज गेला आणि दोन सेकंदांत परत आला. आज इंजिन बंद करून बेल्ट उतरवला. टेन्शनर घट्ट आहे, आयडलर मात्र हातात डुगडुगतेय आणि फिरवली की खरखरते. बेल्ट आणि आयडलर घेतोय, टेन्शनर राहू देतो. सातारा पुढच्या शनिवारी.