मदत हवी आहे: ‘टेबल्ड’ला मराठीत काय? (रात्री दहापर्यंत द्यायचंय)

मुक्कामपोस्ट: एका इतिवृत्ताचं भाषांतर करतोय. वाक्य आहे, ‘द मोशन वॉज टेबल्ड.’ मी लिहिलं, ‘प्रस्ताव पटलावर ठेवण्यात आला.’ तपासणाऱ्या ताईंनी त्याखाली लाल रेघ मारून परत पाठवलंय, कारण लिहिलेलं नाही. विधानसभेच्या बातम्यांत हेच तर वाचतो ना आपण? लवकर सांगा.

बोरू: तुमचं बरोबर आहे. अहवाल सभागृहाच्या पटलावरच ठेवतात.

शेवगा: सभा कुठली? पुढचं वाक्य काय?

वाडीकर: टेबल म्हणजे तक्ता, कोष्टक, पाढेसुद्धा. मी भूजलात काम केलंय, तिथे ‘वॉटर टेबल’ म्हणजे भूजल पातळी. ‘पाण्याचे टेबल’ असं छापायला निघालेलं मी स्वतः दुरुस्त केलंय.

मुक्कामपोस्ट: काका, पाण्याचा विषय नाहीये. न्यू जर्सीतल्या एका मंडळाची सभा आहे. पुढे ‘सभा संपली’ एवढंच.

शेवगा: न्यू जर्सी हे आधी सांगायचं ना! अमेरिकेत अर्थ उलटा होतो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे टेबल करणे म्हणजे चर्चेला मांडणे, तिकडे चर्चा थांबवून बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्हीकडच्या लष्करी अधिकाऱ्यांचं चांगलंच वाजलं होतं, चर्चिलने लिहून ठेवलंय. ब्रिटिशांना कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता, अमेरिकनांना वाटलं, ह्यांना तो खणात टाकायचाय. हवं होतं दोघांना एकच.

बोरू: मग ‘बासनात गुंडाळला’ लिहा. अस्सल मराठी आहे.

शेवगा: नको. बासनात गेलेलं सहसा बाहेर येत नाही. तिकडे 1876 सालच्या रॉबर्टच्या सभानियमांप्रमाणे असा विषय बहुमताने पुन्हा घेता येतो. ‘तूर्त बाजूला ठेवला’ लिहा.

बोरू: इतिवृत्तात ‘तूर्त बाजूला’ शोभत नाही. ‘तहकूब’ लिहा.

शेवगा: तहकूब सभा होते.

बोरू: विषयही तहकूब ठेवतात. नगरपालिकेत वीस वर्षं इतिवृत्तं लिहिली आहेत मी.

सह्यगंध: पाचगणीच्या टेबल लँडला सगळे टेबल लँडच म्हणतात. ‘पठार’ इतका सुंदर शब्द असताना! वरचा जांभा पावसाळ्यात पाहाच एकदा.

मुक्कामपोस्ट: ‘प्रस्ताव तहकूब ठेवण्यात आला’ लिहिलं. बोरू, शेवगा, खूप आभार. पाठवतोच आता. त्याच्या वर ‘द चेअर रेकग्नाइज्ड द ट्रेझरर’ आहे, तिथे ‘अध्यक्षांनी खजिनदारांना ओळखले’ केलंय.

शेवगा: थांबा, पाठवू नका! ‘अध्यक्षांनी खजिनदारांना बोलण्याची परवानगी दिली.’