दुपारी तीननंतरची मरगळ: ॲक्युप्रेशर आणि सुगंधी तेलांचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न: खानापूरची शिक्षिका

नमस्कार. मी खानापूर तालुक्यात राहते आणि बेळगाव शहरातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. माझे वय बेचाळीस आहे. जून २०२३ मध्ये महिलांचा बसप्रवास मोफत झाल्यापासून सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे बहुतेक दिवशी बेळगावपर्यंत उभ्यानेच यावे लागते. दुपारच्या डब्यापर्यंत उत्साह टिकतो. तीनच्या तासाला मात्र पापण्या जड होतात आणि समोर पाढे म्हणणाऱ्या मुलांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा वाटतो.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक विक्रेत्या बाई आल्या होत्या. पुदिना, निलगिरी आणि लिंबू अशा तीन लहान बाटल्या आणि हाता-पायांवरील बिंदू दाखवणारा एक तक्ता, असा संच त्यांनी अठराशे रुपयांना दिला. पुदिन्याचे दोन थेंब ग्लासभर पाण्यात टाकून रोज प्यावेत, म्हणजे अंगात नैसर्गिक तरतरी येते, असे त्यांनी सांगितले. पिण्याचे धाडस मला झाले नाही. एक थेंब तेवढा कपाळाला चोळला, तर डोळ्यांतून धारा लागल्या आणि भुवईच्या वर दोन दिवस लाल चट्टा राहिला.

हे सारे टाकून द्यावे, की त्यात काही घेण्यासारखे आहे? वर्गात उभ्याउभ्या दाबता येईल असा एखादा बिंदू असल्यास तोही सांगावा.

उत्तर १: टिळकवाडीहून एक फिजिओथेरपिस्ट

ताई, टाकून देऊ नका, पण तक्त्यावरचे सगळे बिंदू दाबत बसण्याचीही गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत असे ३६१ बिंदू आहेत. थकव्यासाठी त्यांतील दोन-तीन नीट सापडले, तरी पुरे.

पहिला बिंदू गुडघ्याखाली आहे. खुर्चीवर बसून गुडघा वाकवावा, वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटे खाली यावे आणि नडगीच्या हाडापासून अंगठ्याच्या रुंदीएवढे बाहेरच्या बाजूला सरकावे. तेथे दाबल्यावर ठणकल्यासारखी मंद कळ आली, म्हणजे जागा बरोबर आहे. याचे चिनी नाव ‘त्सू सान ली’, म्हणजे पायावरचे तीन ली. ली हे अंतराचे माप सुमारे अर्ध्या किलोमीटरचे असून, थकलेला वाटसरू हा बिंदू दाबून आणखी तीन ली चालतो, अशी त्यामागची समजूत आहे. दुसरा बिंदू अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल भागावर आहे. तो तुम्हाला हजेरीपट हातात धरूनसुद्धा दाबता येईल. श्वास नेहमीसारखा चालू ठेवून प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे स्थिर दाब द्यावा. नख रुतवू नये.

हा हाताचा बिंदू गरोदरपणात दाबू नये, असे परंपरेनेच सांगितले आहे. शिक्षकी पेशात दिवसभर उभे राहून पायांच्या शिरा फुगतात, तशा तुमच्या फुगल्या असतील, तर त्या शिरांवर दाब देऊ नका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर तेथे मुळीच चोळू नका, आधी डॉक्टरांकडे जा.

उपयोग होतो का, यावर मी माझ्या पेशाच्या बाजूने बोलणार नाही. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपूनही थकवा न गेलेल्या स्त्रियांना त्यांनी सहा आठवडे रोज स्वतःच बिंदू दाबायला लावले होते. एका गटाला तरतरी आणणारे बिंदू दिले होते आणि दुसऱ्याला आराम देणारे. थकवा दोन्ही गटांत कमी झाला. झोप मात्र आराम देणाऱ्या बिंदूंनीच सुधारली. त्या स्त्रियांची स्थिती वेगळी होती, म्हणून तो निष्कर्ष उचलून तुम्हाला लावणे योग्य नाही. तरीही तरतरीचे बिंदू आणि आरामाचे बिंदू यांचा परिणाम थकव्यावर सारखाच झाला, ही गोष्ट मला तक्ता विकणाऱ्यांच्या छातीठोक बोलण्यापेक्षा अधिक विचारात पाडते.

उत्तर २: शहापूरचा औषधविक्रेता

पाण्यात थेंब टाकून पिण्याचा सल्ला पूर्ण चुकीचा आहे आणि आपण तो मानला नाही, हे उत्तम झाले. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगते आणि पहिल्याच घोटाला जसेच्या तसे ओठांना व घशाला लागते. निलगिरीच्या तेलाबाबत तर विशेष सावधगिरी हवी, कारण लहान मुलाच्या पोटात ते काही मिलिलिटर गेले, तरी झटके येऊन शुद्ध हरपू शकते. घरात लहान मूल असेल, तर ही बाटली देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यात ठेवू नका. हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा.

आता तो चट्टा. आपल्याकडे पुदिन्याचे तेल म्हणून जे मिळते, ते बहुतेक वेळा उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला पिकणाऱ्या मेंथा आर्वेन्सिस या पुदिन्याच्या जातीचे असते, आणि त्यात मेंथॉलचे, म्हणजे थंडावा देणाऱ्या घटकाचे, प्रमाण खऱ्या पेपरमिंटपेक्षा बरेच जास्त असते. असे तेल न मिसळता कपाळाला लावले, तर वाफेने डोळे झोंबणारच. ३० मिलिलिटर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १२ थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के, यापुढे जाऊ नये. तेही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लिंबाचे तेल सालीवर दाब देऊन काढलेले असेल, तर ते त्वचेला लावून उन्हात जाऊ नये, काळे डाग पडतात. तुम्ही बसथांब्यावर उभ्या राहणार, म्हणजे ते तेल तुमच्या कामाचे नाही.

मेंथॉलने तरतरी का वाटते, याचे कारण मात्र फार सुंदर आहे. आपल्या त्वचेत आणि नाकात थंडी ओळखणारे जे सूक्ष्म ग्राहक (रिसेप्टर) असतात, त्यांनाच मेंथॉल चेतवते, त्यामुळे हवा थंड आणि नाक मोकळे झाल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात नाकातून जाणारी हवा फारशी वाढलेली नसते. ज्या संशोधनाला २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात या ग्राहकाचा शोध मेंथॉलच्याच मदतीने लागला होता. म्हणून रुमालावर एक थेंब टाकून दोन-चार वेळा हुंगला, तर डोळ्यांवरची झापड थोडा वेळ नक्की जाते. दमा असल्यास तेही करू नये.

माझ्या दुकानात शक्तीचे टॉनिक मागायला येणाऱ्या दहा जणांपैकी क्वचित एखाद्याने रक्त तपासलेले असते. आपण तपासले आहे का?

उत्तर ३: निपाणीकर

बाई, तुमचा प्रश्न वाचून आईची आठवण झाली. तिने तीस वर्षे विड्या वळल्या. सूप मांडीवर घेऊन सकाळी बसली, की हजार पूर्ण होईपर्यंत उठायची नाही. संध्याकाळी तिच्या हातांत भाकरी थापण्याचेही त्राण नसायचे. निलगिरीचे दोन थेंब टाकलेला रुमाल ती नाकाला बांधायची आणि म्हणायची, ‘जर्द्याचा वास गेला, की निम्मा शीण गेला.’ आम्हीही तसेच समजत होतो. पुढे शेजारच्या काकूंनी तिला गुडघ्याखालचा हाच बिंदू दाबायला शिकवले आणि तिला बरे वाटायचे, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण जिना चढताना तिला धाप लागायला लागली, तेव्हा सरकारी दवाखान्यात नेले, तर हिमोग्लोबिन आठच्याही खाली होते. गरोदर नसलेल्या बाईचे बाराच्या खाली गेले, की त्याला रक्तक्षय म्हणतात, हे त्या दिवशी कळले. आमची एक-दोन वर्षे त्या रुमालाने खाल्ली, असे आजही वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले आहे. तुमचे वय पाहता पाळीत जास्त स्राव होत असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइड, साखर आणि तुम्ही शाकाहारी असाल, तर बी-१२ एवढे पाहून घ्या.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. डबा खाल्ल्यावर लगेच चहा घेता का?

खानापूरची शिक्षिका (दोन आठवड्यांनंतर)

तिघांचेही मनापासून आभार. हिमोग्लोबिन ९.६ निघाले, थायरॉइड आणि साखर ठीक आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. निलगिरीची बाटली कपाटात गेली, लिंबाची बहिणीला फरशी पुसण्याच्या पाण्यात टाकायला दिली आणि पुदिन्याचा एक थेंब रुमालावर घेऊन मी तीनच्या तासाला जाते. अंगठ्याजवळचा बिंदू गाडीच्या दांड्याला धरून उभी असताना दाबते. त्याने थकवा कमी होतो, की नुसता लक्षात राहत नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

निपाणीकर, राग कसला! आमच्या स्टाफरूममध्ये डब्याची झाकणे लागायच्या आत चहाचे कप येतात आणि त्या चहाने जेवणातले लोह अंगी लागत नाही, हे डॉक्टरांनीही सांगितले. मी चहा चारवर ढकलावा असे सुचवले, तर मुख्याध्यापकांनी ते लगेच मान्य केले, पण चहा करणाऱ्या आमच्या मावशी चारच्या बसने घरी जातात. तूर्त मी माझा कप थर्मासमध्ये भरून ठेवते.