आयपीएनएसचं नाव जिवंत ठेवायचंय, पण खासगी की (सही करायची गुप्त किल्ली) दुसऱ्याला न देता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लेख आणि छायाचित्रांची साधी स्टॅटिक साइट आहे. डेटाबेस नाही, लॉगिन नाही. ती आयपीएफएसवर (एका सर्व्हरऐवजी अनेकांच्या संगणकांवरून फाइली देणाऱ्या जाळ्यावर) हलवतेय. लॅपटॉपवर कुबो (आयपीएफएस चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, फोल्डर अ‍ॅड केलं, सीआयडी (त्या मजकुराचा पत्ता) मिळाला, गेटवेवर (साध्या ब्राउझरला आयपीएफएस दाखवणाऱ्या सर्व्हरवर) साइट उघडलीही. तिरक्या रेषेने सुरू होणारे दुवे तिथे चालत नाहीत, म्हणून सगळे रिलेटिव्ह करून घेतले. तो भाग मिटला.

अडलंय ते पुढे. सीआयडी मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून) बनतो, त्यामुळे एक स्वल्पविराम हलवला तरी पत्ता नवा! म्हणून आयपीएनएस घेतलं, म्हणजे ताज्या सीआयडीकडे बोट दाखवणारं, स्वतः न बदलणारं नाव. पण त्या नावाची नोंद सतत ताजी करावी लागते. कुबो दर ४ तासांनी ते आपणहून करतं खरं, पण लॅपटॉप चालू असेल तर. तो बरेच दिवस बंद राहिला की नाव कुठेच पोहोचत नाही.

एका मित्राचा नोड (आयपीएफएसच्या जाळ्यातला संगणक) कायम चालू असतो. त्याने सगळं पिन केलंय (स्वतःकडे कायम साठवून ठेवलंय), म्हणजे मजकुराची काळजी नाही. नावाचं काय? खासगी की त्याला दिली तर माझ्या नावावर तो काहीही प्रसिद्ध करू शकेल. माणूस भला आहे, पण तत्त्व म्हणून नको वाटतं. डीएनएसलिंक (डोमेनच्या डीएनएस नोंदीत आयपीएफएसचा पत्ता लिहिणं) माहीत आहे. मात्र मग सगळा डोलारा पुन्हा डोमेनवर उभा राहतो.

प्रतिसाद:
खासगी की द्यायची गरजच नाही. आयपीएनएसच्या नोंदीवर तुमची सही असते. मुदत संपेपर्यंत तीच नोंद कुणीही डीएचटीत (सगळ्या नोडांनी मिळून सांभाळलेल्या यादीत) पुन्हा टाकू शकतं, फक्त बदलू शकत नाही. प्रसिद्ध करताना लाइफटाइम (नोंदीची ही मुदत) महिनाभराचा ठेवा, नोंदीची फाइल मित्राला द्या आणि त्याच्याकडे ती रोज पुन्हा टाकणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. रोज अशासाठी, की लाइफटाइम कितीही मोठा असला तरी डीएचटीतले नोड जुनी नोंद स्वतःहून टाकून देतात.

धागाकर्ती:
वा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण मधे मी साइट बदलली आणि त्याचा क्रॉन जुनीच नोंद रेटत राहिला तर?

प्रतिसाद:
नोंदीत सीक्वेन्स नंबर असतो, मोठा नंबर जिंकतो. नवी नोंद ज्या नोडपाशी आहे तो जुनी घेणारच नाही. तरी प्रत्येक बदलानंतर नवी फाइल मित्राला पाठवाच. नाहीतर तुमचा लॅपटॉप बंद पडल्यावर नवी नोंद विरून जाईल आणि लोकांना पुन्हा जुनी साइट दिसायला लागेल.