दमट खोलीतला जुना १७ इंची सीआरटी: दुरुस्त करावा की सरळ आयपीएस घ्यावा?

कुळागर_फोंडा
घर फोंड्यात, खोली तळमजल्यावर, बाजूलाच कुळागर (पोफळीची बाग). त्यामुळे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या. १७ इंची सीआरटी (जुना, काचेच्या ट्यूबचा) मॉनिटर दोन पावसाळे बंद पडून आहे. बंद ठेवण्याआधीचा त्रास असा: चालू केल्यावर अक्षरं पुसट, अर्ध्या तासाने आपोआप स्वच्छ. अधूनमधून मागून टिक-टिक आवाज.
दिवसा टॅली आणि ब्राउझर, रात्री डॉसचे जुने गेम डॉसबॉक्सवर (नव्या पीसीवर ते चालवणारं सॉफ्टवेअर), एवढंच काम. वीज गेली की ६०० व्हीएचा इन्व्हर्टर. चवथीआधी खोली रंगवायची आहे, तेव्हा तो टेबलावर परत ठेवायचा की नाही ते ठरवायचंय. दुरुस्तीच्या लायक आहे का? आणि २४ इंची आयपीएसवर (सपाट एलसीडी मॉनिटर) ते गेम तसेच दिसतील का?

सोल्डर_मडगाव
पुसट चित्र अर्ध्या तासाने सुधारतं म्हणजे ट्यूब बहुधा ठीक आहे, दोष सॉकेटचा. ट्यूबच्या मानेवर मागून खोचलेला छोटा बोर्ड असतो, त्यावरचं ते गोल सॉकेट. फोकसची पिन ज्या कप्प्यात असते त्यात एक स्पार्क गॅप (जादा व्होल्टेज ठिणगीने सोडणारी फट) असते. आपल्याकडच्या दमट हवेत तिथे गंज धरतो आणि फोकसचं काही हजार व्होल्ट त्यातून झिरपतं. आतली ऊब वाढली की ओल सुकते, झिरपणं थांबतं, चित्र स्वच्छ होतं. कप्पा बंद असल्याने वरून पुसून फार दिवस निभत नाही, सॉकेटच बदला. पिनांची संख्या आणि मानेची जाडी जुन्या सॉकेटशी जुळवूनच आणा. नवीन मिळालं नाही तर भंगारातल्या सारख्याच मॉनिटरचं चालतं, फक्त ते गंजलेलं नाही ना ते पाहा.

बहुतेक जण थंड मॉनिटरवरच ईएचटीचा (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) फोकस नॉब फिरवतात. तेव्हा चित्र जमतं, पण गरम झाल्यावर पुन्हा पुसट. सॉकेट बदलेपर्यंत नॉबला हात नको. खालचा स्क्रीनचा नॉब तर मुळीच नको. तो वाढवला की काळं राखाडी होतं आणि तिरप्या पांढऱ्या रेघा उमटतात.

चित्र पुसट नसून सुरुवातीला काळपट असेल आणि हळूहळू उजळत असेल, तर मात्र कॅथोड (ट्यूबमधले इलेक्ट्रॉन सोडणारे भाग) थकलेत. त्यावर खर्च करू नका.

टिक-टिक बहुतेक ॲनोडच्या (ट्यूबला उच्च व्होल्टेजची तार लागते ती जागा) रबरी टोपीजवळची. अंधार करून मागच्या जाळीतून पाहा, निळसर झगमग दिसली तर धूळ आणि ओल यातून विजेची गळती चालू आहे. काच आणि टोपी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवायची. ईएचटीच्या अंगालाच तडा असेल तर एपॉक्सी लावून वेळ काढू नका, नंबर जुळवून नवा ईएचटी टाका.

आता जपायची गोष्ट. टोपीखाली साधारण २५,००० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब ते धरून ठेवते. जाड इन्सुलेशनच्या मुठीचा चपटा स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी त्याच्या दांडीला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या विणलेल्या तारेला जोडा, मगच टोक टोपीखाली सरकवा. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तसंच करा, कारण काचेतला उरलेला चार्ज परत वर येतो. दुसरा हात खिशात. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर वेगळे ३०० च्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात, ते मीटरने तपासा. हे वाचून धाकधूक वाटत असेल तर मेकॅनिककडेच न्या.

दोन पावसाळे बंद आहे म्हणून थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डाला लावू नका. सिरीज बोर्डावर (मॉनिटरची वीज आधी बल्बमधून जाते असा बोर्ड) १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावून सुरू करा (एलईडी बल्ब चालत नाही) आणि त्याआधी डिगॉस कॉइलचा (चालू करताना पडद्याचं चुंबकत्व घालवणारी गुंडाळी) प्लग काढा. नाहीतर तिच्या झटक्यानेच बल्ब पेटेल आणि शॉर्ट आहे असं वाटेल. क्षणभर पेटून मंदावला तर बरं, पूर्ण पेटलेलाच राहिला तर पॉवर सप्लाय किंवा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट.

पिक्सेल_पारखी
गेमचं सांगतो. आयपीएसवर तसेच दिसणार नाहीत, पण बरेच जवळ नेता येतं.

डॉसचे बरेच गेम ३२०×२०० चे, ४:३ च्या पडद्यासाठी काढलेले. अचूक मोठं करायचं तर आडवं ५ पट, उभं ६ पट, म्हणजे १६००×१२००. १०८० ओळींच्या पॅनेलवर ते मावत नाही. तिथे १४४०×१०८० म्हणजे ४.५ आणि ५.४ पट होतं आणि काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात. २५६०×१४४० चं पॅनेल घेतलं तर १६००×१२०० वर-खाली १२० ओळी सोडून नेमकं बसतं. १०८० चाच घेणार असाल तर डॉसबॉक्समध्ये ॲस्पेक्ट (४:३ प्रमाण राखणारी सेटिंग) चालू ठेवा आणि शार्प-बायलिनिअर शेडर (चित्र मोठं करताना ठिपके सारखे दाखवणारा फिल्टर) वापरा. टीव्हीच्या जाड काळ्या रेघांचे शेडर इथे लावू नका. व्हीजीए कार्ड २०० ओळी दोनदा काढून ४०० करतं, त्यामुळे खऱ्या मॉनिटरवर तशा रेघा कधी नव्हत्याच.

दुसरं, हे गेम ७० हर्ट्झवर चालतात. ६० हर्ट्झच्या पॅनेलवर सेकंदाला १० फ्रेम गळतात आणि सरकता देखावा अडखळतो. ॲडॅप्टिव्ह सिंक (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) असलेला, ४८ ते ७५ हर्ट्झ पट्ट्याचा मॉनिटर घेतला की ते मिटतं.

हालचालीत मात्र सीआरटीच सरस. त्यावर ठिपका क्षणभर चमकून विझतो. साध्या एलसीडीवर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद तशीच धरलेली असते, म्हणून सेकंदाला ९६० पिक्सेल पळणारी वस्तू डोळ्याला १६ पिक्सेल फरपटलेली दिसते. बॅकलाइट लुकलुकवणारी सोय असलेल्या वेगवान पॅनेलवर हे कमी होतं, पण उजेड बराच उतरतो.

मांडवीपार
टॅलीसाठी सीआरटी नकोच. १७ इंची म्हणताना दिसणारा भाग १६ इंचाच्या आसपास, १०२४×७६८ ला ८५ हर्ट्झ ठेवलं तरच डोळ्यांना बरं, ६० वर ट्यूबलाइटच्या खोलीत डोकं उठतं. शिवाय साधारण ८० वॉट विरुद्ध २०. रोज सहा तास धरले तर महिन्याला ११ युनिटचा फरक, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर तितका लवकर बसणार.
पण आयपीएस आणला म्हणजे पावसाची चिंता मिटली असं नाही बाब. पडद्यावर थेट स्प्रे मारला की पाणी खालच्या पट्टीत उतरतं, तिथल्या रिबनचे जोड जातात आणि उभ्या रेघा येतात. फडकं ओलसर करून पुसा, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

कुळागर_फोंडा
म्हणजे दिवसा आयपीएस, रात्री सीआरटी. नव्या पीसीला व्हीजीए नाही, एचडीएमआयच आहे. साधं कन्व्हर्टर चालेल? आणि सॉकेट बदलूनही जमलं नाही तर हा द्यायचा कुठे?

सोल्डर_मडगाव
१०२४×७६८ ला ८५ हर्ट्झ म्हणजे ठिपके पाठवायचा वेग ९४.५ मेगाहर्ट्झ, साधं कन्व्हर्टर ते पेलतं. फक्त वेगळा यूएसबी पॉवर देता येणारा घ्या. एचडीएमआयच्या पिनमधून मिळणारा करंट फार थोडा, त्यावर काही कन्व्हर्टर मध्येच चित्र घालवतात. १२८०×१०२४ ला ८५ लावू नका, त्याला आडव्या ओळींचा वेग ९१ किलोहर्ट्झ लागतो आणि बहुतेक १७ इंची ७० च्या आसपास थांबतात.

दुरुस्त झाला तर पावसात आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवा. बंद राहिला की सॉकेट पुन्हा गंजेल. रंगकामाच्या वेळी प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आत पाणी सुटतं. सुती चादर पुरे.

नाहीच जमलं तर भंगारवाल्याला नको. तो तांब्यासाठी योक (मानेभोवतीची तारेची गुंडाळी) ओढून काढतो आणि मान फोडतो, मागच्या नरसाळ्याच्या काचेत शिसं भरपूर असतं. अधिकृत ई-कचरा संकलनातच द्या. नेताना काचेची बाजू छातीकडे धरून उचला आणि गाडीत उशीवर काच खाली करून ठेवा. वजन सगळं पुढेच असतं, उभा ठेवला तर पहिल्याच वळणावर पालथा होईल.